घरी टॅरँटुला पाळताना: पाणी, माती, कात आणि न संपणारे वाद

टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळायचा असेल तर सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की पाळलेले टॅरँटुला बऱ्याचदा अतिकाळजीपायी मरतात. चांगला मोठा कोळी उपासमारीने मेला असं फारसं ऐकायला मिळत नाही, पण हीट मॅटवर (टाकी गरम ठेवायच्या विजेच्या चटईवर) भाजून मेला, कोंदट ओल्या डब्यात गेला, हातातून पडून पोट फुटलं, कात टाकत असताना कोणीतरी हलवलं म्हणून गेला, असं सारखं ऐकू येतं. आणि ही माणसं काही निष्काळजी नसतात हो, दुकानात जे सांगितलं तेच त्यांनी मनापासून केलेलं असतं. म्हणून मी इथे काय करायचं याच्याबरोबर काय करायचं नाही हे पण सांगणार आहे, आणि जिथे पाळणाऱ्यांचंच एकमत नाही तिथे माझं मत कुठल्या बाजूला आहे ते स्पष्ट सांगेन.

मी अमेरिकेत राहते, इथे हे प्राणी पाळणं बहुतेक ठिकाणी कायदेशीर आहे आणि ब्रीडरकडून सहज मिळतात, त्यामुळे खालचं सगळं मुख्यतः इथल्या आणि युरोपातल्या मराठी लोकांसाठी आहे. महाराष्ट्रातून वाचताय त्यांच्यासाठी वेगळं सांगते. आपल्या सह्याद्रीत पण टॅरँटुला आहेत, झाडाच्या ढोलीत राहणारा पोइसिलोथेरिया रेगॅलिस तर दिसायला इतका देखणा आहे की बघतच राहावं. पण जंगलातून उचलून आणायचा नाही, फोटो काढा आणि तिथेच राहू द्या. परदेशी कोळी मागवायचा विचार असेल तर तो पण जपून. जुलै २०२१ मध्ये चेन्नईला पोलंडहून आलेल्या एका पार्सलमध्ये १०७ जिवंत कोळी सापडले होते, चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळून छोट्या कुप्यांमध्ये भरलेले, ते कस्टम्सने जप्त केले आणि परत पाठवायला लावले. शिवाय वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराच्या यादीतले प्राणी घरी असतील तर नोंदणी करावी लागते, २०२४ च्या नियमांप्रमाणे ती सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. मेक्सिकन रेड नी ज्या ब्रॅकिपेल्मा गटातला आहे तो अख्खा गट त्या यादीत आहे आणि पोइसिलोथेरियाचा अख्खा गट २०१९ मध्ये यादीत आला. त्यामुळे कोणी इन्स्टावर “पेपर्सची गरज नाही” म्हणून विकत असेल तर तिथून लांब राहा.

आता जात कुठली घ्यायची. पहिल्यांदाच पाळत असाल तर कर्ली हेअर (ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस), मेक्सिकन रेड नी (ब्रॅकिपेल्मा हॅमोरी), ब्राझिलियन ब्लॅक (ग्रॅमोस्टोला पुल्क्रा) किंवा ॲरिझोनाचा ब्लाँड (ॲफोनोपेल्मा चाल्कोडिस) यांपैकी घ्या. सगळे जमिनीवरचे, अमेरिका खंडातले, बहुतेक शांत. इंग्रजी टोपणनावावर विश्वास ठेवू नका, शास्त्रीय नाव विचारा, कारण एकाच टोपणनावाने वेगवेगळे कोळी विकले जातात आणि शास्त्रीय नावं पण बदलत असतात. दुकानांत वर्षानुवर्षं स्मिथी म्हणून विकले गेलेले बरेचसे रेड नी हे खरं म्हणजे हॅमोरी आहेत हे २०१७ च्या अभ्यासाने स्पष्ट झालं, आणि कर्ली हेअर तर आधी ब्रॅकिपेल्माच होता. आफ्रिका आणि आशियातले कोळी, म्हणजे ऑरेंज बबून, कोबाल्ट ब्लू, आपले पोइसिलोथेरिया, हे सुरुवातीला अजिबात नको. ते फार वेगवान असतात, पोटावर शत्रूवर झाडायचे खाजरे केस नसल्यामुळे सरळ चावायला येतात, आणि पोइसिलोथेरिया चावला तर स्नायूंमध्ये पेटके येतात जे कधीकधी कित्येक दिवस परत परत येतात. टॅरँटुलाच्या विषाने माणूस मेल्याची खात्रीलायक नोंद नाही हे खरंय पण म्हणून हात घालून बघायचं असं नाही.

दुसरं म्हणजे घेताना “कॅप्टिव्ह ब्रेड आहे का”, म्हणजे पाळलेल्या कोळ्यांपासून जन्मलेला आहे का, हे विचाराच. चिलियन रोझ कितीतरी वर्षं चिलीमधून जंगलातून पकडून स्वस्तात जगभर विकला गेला आणि लोकांना वाटायला लागलं की हा काय, कुठेही मिळतो. जंगलातून आलेल्याचं वय माहीत नसतं, अंगात परजीवी असू शकतात, आणि मुळात तिकडचं जंगल रिकामं होतं ते वेगळंच. आणि नर का मादी ते पण विचारा, कारण फरक फार मोठा आहे. या गटांतली मादी २० वर्षं आणि त्याहून जास्त सहज जगते, नर मात्र वयात आल्यावर साधारण वर्षभरात, फार तर थोडा जास्त काळ राहून जातो. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला आकडे आणि तोंडाजवळच्या छोट्या पायांच्या टोकाला बॉक्सिंग ग्लोव्हसारखा फुगीर भाग दिसला तर तो वयात आलेला नर आहे, दुकानदार कितीही कमी भाव सांगू दे, मुलांसाठी म्हणून तो घेऊ नका, मुलांना लळा लागेपर्यंत तो जायचा.

घर कसं असावं यावर लोक भरपूर भांडतात, पण त्यातली उंचीची गोष्ट वादाच्या पलीकडची आहे. जमिनीवरच्या टॅरँटुलाला उंच टाकी द्यायची नाही. माशांची रिकामी टाकी असते ना घरात पडलेली, तळाला दोन इंच माती टाकून त्यात ठेवतात, आणि मग रात्री हा काचेवर चढतो आणि वरून पडतो. पोट अगदी पातळ कातडीचं असतं, फुटलं की आतलं रक्त वाहून जातं आणि सहसा वाचत नाही. म्हणून मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतचं अंतर कोळ्याच्या पाय पसरलेल्या रुंदीच्या दीडपट, त्याहून जास्त नको. टाकी उंच असेल तर माती जास्त भरा, त्यालाही बीळ करायला मिळतं. झाकणाला लोखंडी बारीक जाळी असेल तर ती काढून भोकं पाडलेलं ॲक्रिलिक बसवा, पायाच्या नख्या जाळीत अडकतात आणि सोडवायच्या धडपडीत पाय तुटतो किंवा पडतो. भोकं समोरासमोरच्या दोन बाजूंना पाहिजेत म्हणजे हवा खेळती राहते, नुसती वर नकोत.

माती म्हणजे कोकोपीट, पीट मॉस, किंवा खत आणि कीटकनाशक नसलेली साधी टॉपसॉइल, किंवा यांचं मिश्रण. वाळू, खडी, लाकडाचा भुसा नको, सीडर तर नकोच नको. कोकोपीट भिजवून मुठीत दाबायचं, लाडूसारखं वळलं पाहिजे पण हातातून पाणी ठिबकता कामा नये, मग ते टाकीत दाबून दाबून भरायचं आणि वरची बाजू आठवडाभर वाळू द्यायची. ओल्या कोकोपीटवर नवीन कोळी सोडला की तो काचेला किंवा झाकणाला लटकून बसतो आणि माणसं म्हणतात याला घर आवडलं नाही, अहो त्याला पाय ओले नकोयत. एक लपायची जागा द्या, कॉर्क बार्कचा (बुचाच्या झाडाच्या सालीचा) तुकडा अर्धा मातीत पुरलेला सगळ्यात बरा. पाण्याची वाटी द्या. झालं, एवढंच. दिवे नकोत, तो निशाचर आहे.

पाणी आणि दमटपणा यावर मात्र थांबून बोलायलाच पाहिजे कारण सगळ्यात जास्त चुकीचा सल्ला इथेच मिळतो. जुन्या केअर शीटवर (कसं पाळायचं याच्या सूचनांच्या कागदावर) लिहिलेलं असतं “दमटपणा ७० टक्के, तापमान अमुक” आणि मग नवीन माणूस दमटपणा आणि तापमान मोजायची दोन यंत्रं विकत आणतो, काटा ५५ वर दिसला की स्प्रे मारतो, परत बघतो, परत मारतो. हे आकडे बऱ्याचदा त्या प्रदेशाच्या हवामानावरून उचललेले असतात, पण टॅरँटुला त्या हवेत उघड्यावर थोडाच राहतो, तो राहतो जमिनीखाली बिळात, तिथली हवा वेगळी, ओल वेगळी, उन्हाचा पत्ताच नाही. शिवाय तो स्वस्त मीटर काचेच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवलेला असतो, खाली बिळात काय चाललंय ते त्याला कळणार कसं. वाळवंटी किंवा कोरड्या भागातल्या जातीला, जसं चिलियन रोझ किंवा ॲरिझोना ब्लाँड, माती कोरडी ठेवा आणि पाण्याची वाटी कायम भरलेली, बस. कर्ली हेअरला एक कोपरा खालून ओलसर ठेवा, म्हणजे वाटी भरताना मुद्दाम थोडं पाणी बाजूला सांडायचं, ते मुरत खाली जातं आणि वरचा थर कोरडा राहतो. कोळी स्वतःच ठरवतो कुठे बसायचं. मोठ्या जमिनीवरच्या कोळ्यावर स्प्रे मारायची काही गरज नसते, बहुतेकांना ते आवडत पण नाही, मागचे पाय उचलतात नाहीतर पळतात.

कोंदटपणाचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे पिंक टो, ॲविक्युलारिया. हा झाडावर राहणारा, दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी जंगलातला. पावसाळी जंगल म्हणजे दमट, असा सरळ हिशोब करून वर्षानुवर्षं लोकांना सांगितलं गेलं की रोज स्प्रे मारा, भोकं कमी ठेवा, डबा ओला राहू द्या. आणि हे कोळी, खासकरून पिल्लं, धडाधड मरायची, इतकी की “अचानक ॲविक मृत्यू” असं त्या प्रकाराला रीतसर नाव पडलं, जणू काही गूढ रोग आहे. मग लोकांनी भोकं वाढवली, माती बरीचशी कोरडी ठेवली, पाण्याची छोटी वाटी दिली, आणि कोळी जगायला लागले. आता अनुभवी लोकांपैकी बहुतेक जण हेच सांगतात की साचलेली ओली हवा मारते. पोटाच्या खालच्या बाजूला चार पुस्तकफुफ्फुसं (पुस्तकाच्या पानांसारखे पापुद्रे असलेली फुफ्फुसं) असतात, श्वास त्यांतून, त्यामुळे खेळती हवा हा त्याच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. तरी अजून काही दुकानांत पिंक टो बंद ओल्या डब्यात दिसतो, दिसला तर दुकानदाराला नक्की सांगा.

स्पंजचं पण सांगून टाकते. वाटीत स्पंज ठेवा म्हणजे तो चोखून पाणी पितो, असं अजून ऐकायला मिळतं. चुकीचं आहे. टॅरँटुला वाटीवर वाकून सरळ तोंड पाण्याला लावून पितो, स्पंजने फक्त घाण आणि बॅक्टेरिया साठतात. रातकिडे बुडतात म्हणून काळजी वाटत असेल तर वाटीत एक खडा ठेवा.

उष्णतेचं सोपं आहे. ज्या खोलीत तुम्ही टीशर्टवर आरामात बसू शकता ती त्याला चालते, साधारण २० ते २७ सेल्सिअस. खालून हीट मॅट लावायची नाही, कारण जमिनीतल्या कोळ्याला गरम झालं की तो सवयीने अजून खाली खणतो, निसर्गात खाली गार असतं म्हणून, आणि इथे खाली मॅट असते. मिनेसोटा, कॅनडा असल्या ठिकाणी घर फारच थंड पडत असेल तर खोलीच गरम करा, नाहीतर मॅट टाकीच्या बाजूला, थोडं अंतर ठेवून, आणि थर्मोस्टॅटशिवाय नाहीच. गरम ठेवल्यावर तो भरभर वाढतो, जास्त खातो, हे खरंय. पण घाई कशाला?

खाण्यावरून वाद आहे तो किती आणि काय यावर. मोठ्या कोळ्याला एक ते दोन आठवड्यांनी एक मोठा रातकिडा किंवा एक डुबिया झुरळ पुरतं. शिकार त्याच्या पोटापेक्षा लहान असावी. पिल्लाला आठवड्यातून दोनदा, अगदी बारीक असेल तर मारलेल्या रातकिड्याचा पाय ठेवला तरी येऊन खातो. न खाल्लेलं दुसऱ्या दिवशी काढा. मीलवर्म (एका भुंगेऱ्याची अळी) देत असाल तर डोकं चिरडून द्या, नाहीतर तो मातीत घुसतो आणि नंतर नको त्या वेळी बाहेर येतो. बागेतले किडे पकडून देऊ नका, कुठे कुठलं औषध मारलेलं असेल सांगता येत नाही. काही जण पटकन मोठा करायला पोटभर खाऊ घालतात, त्यांचं म्हणणं की निसर्गात पण मिळेल तेव्हा खातोच. माझं मत वेगळं आहे, पोट पुढच्या टणक भागाच्या दीडपटीपेक्षा मोठं झालं की पडल्यावर फुटायचा धोका वाढतो, ते जमिनीवर घासत राहतं, म्हणून तेवढं झालं की आठवडे आठवडे थांबायचं. उंदराची पिल्लं देणं हा दुसरा वाद. एखाद्या वेळी दिल्याने कोळी मरत नाही, पण गरज पण काहीच नाही, उरलेलं मांस कुजून टाकीत माइट्स (बारीक किडे) होतात आणि वास येतो, आणि खरं सांगायचं तर ते बहुतेक वेळा व्हिडिओसाठीच केलं जातं.

आणि खाणं सोडलं तर घाबरायचं नाही. चिलियन रोझ तर महिनोन्‌महिने उपाशी बसतो, वर्षाच्या वर गेल्याची पण उदाहरणं आहेत. पोट गोल आहे, पाणी आहे, चालतोय फिरतोय, मग तो ठीक आहे. बहुतेक वेळा याचा अर्थ कात टाकायची वेळ आली असा असतो.

कात टाकणं नीट समजून घ्या, कारण इथे तुमची एक चूक म्हणजे कोळी गेला. आधीची लक्षणं ही, खाणं बंद, रंग मळकट, आणि पोटावर केस उडवून टक्कल पडलं असेल तर ती जागा काळपट व्हायला लागते कारण खाली नवीन केस तयार झालेले असतात. काही जण बिळाचं तोंड बंद करून घेतात, काही जमिनीवर जाळ्याची चादर विणतात. मग एक दिवस तुम्ही बघता तर तो पाठीवर उताणा, पाय वर. नवीन माणूस हमखास समजतो की मेला. मेला नाहीये! मेलेला टॅरँटुला सहसा सरळच असतो आणि पाय पोटाखाली दुमडलेले असतात, कारण पाय लांब करायला तो आतल्या द्रवाचा दाब वापरतो आणि दाब गेला की पाय आत ओढले जातात. पाठीवर असेल तर हात लावू नका, सरळ करू नका, फुंकर मारू नका, स्प्रे मारू नका, टाकी हलवू नका, दिवा बंद करा आणि दार लावून घ्या. टाकीत जिवंत रातकिडा राहिला असेल तेवढा मात्र हळूच काढा, कारण मऊ पडलेल्या कोळ्याला रातकिडा कुरतडून खातो. पिल्लाचं थोड्या वेळात उरकतं, मोठ्याला कित्येक तास लागतात.

बाहेर आल्यावर सुळे पांढरे असतात, मग लालसर होतात, मग काळे. काळे होईपर्यंत खायला द्यायचं नाही, मोठ्याला साधारण दोन आठवडे थांबा, पाणी मात्र भरलेलं ठेवा. तुटलेला पाय असेल तर तो नव्या कातीबरोबर थोडा बारीक असा परत आलेला दिसतो आणि पुढच्या कातीत अजून भरतो, हे बघण्यासारखं असतं. टाकलेली कात फेकू नका, ओली असतानाच पोटाचा भाग हळूच उलगडून बघा, वरच्या दोन पुस्तकफुफ्फुसांच्या मधे छोटी पिशवीसारखी घडी दिसली तर मादी आहे. एरवी नर-मादी ओळखणं अवघड, कातीवरून खात्रीने कळतं. वाळली असेल तर कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून भिजवा.

आता हातात घेणं, ज्यावरून लोक मैत्र्या तोडतात. एक बाजू म्हणते की शांत जातीचा आहे, कधीमधी घेतला तर काय बिघडलं, मुलांची भीती जाते, लोकांच्या मनातला कोळ्यांबद्दलचा तिटकारा कमी होतो. दुसरी बाजू म्हणते कोळ्याला यातून काहीही मिळत नाही, तो कुत्र्या-मांजरासारखा ओळख ठेवत नाही, तुमचा हात त्याला फक्त गरम जमीन वाटतो, आणि धोका सगळा त्याच्या पोटाला. मी दुसऱ्या बाजूची आहे. मुलांची भीती घालवायची असेल तर रात्री लाल दिव्यात त्याला जाळं विणताना, पाणी पिताना, शिकार पकडताना दाखवा, तास तास बघत बसतात. ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी निदान जमिनीवर बसून, हात गादीपासून वीतभर उंचीवर ठेवून घ्यावा, कात टाकायच्या आधी-नंतरच्या आठवड्यांत अजिबात नाही, आणि दुसऱ्याच्या हातात देणं नाही.

शिवाय खाजऱ्या केसांचं काय? अमेरिका खंडातले बहुतेक टॅरँटुला घाबरले की मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडतात, ते त्वचेत रुततात, खाज येते, पण डोळ्यात गेले तर प्रकरण गंभीर. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या सेंट जेम्स हॉस्पिटलमध्ये एक माणूस लाल झालेला, दुखणारा डोळा घेऊन आला होता. त्याच्या पाळलेल्या चिलियन रोझची टाकी तो साफ करत होता, काचेवरचा डाग घासण्यात लक्ष होतं आणि कोळ्याने केसांचा फवारा उडवला. डॉक्टरांना त्याच्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात ते बारीक केस रुतलेले सापडले आणि सगळे काढता पण आले नाहीत. ही केस लॅन्सेटमध्ये छापून आली आणि त्यात सल्ला होता की अशी कामं करताना डोळ्यांना संरक्षण घ्या. त्यामुळे टाकीत हात घालताना चष्मा, ग्लोव्हज, आणि नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका.

कोळ्याला एका टाकीतून दुसरीकडे न्यायचं असेल तर पारदर्शक प्लास्टिकचा डबा आणि एक लांब मऊ ब्रश घ्या. डबा त्याच्या पुढे धरायचा, ब्रशने मागच्या पायांना हळूच टोचायचं, तो आपणहून चालत आत जातो. हे सगळं बाथटबमध्ये किंवा मोठ्या टबात करा, दार बंद करून, खाली फट असेल तर टॉवेल लावून. टाकी पूर्ण रिकामी करून धुण्याची दर महिन्याला गरज नाही, उरलेले शिकारीचे तुकडे चिमट्याने उचलले आणि वाटी धुतली की कितीतरी दिवस काही करावं लागत नाही. बुरशी दिसली तर तेवढी माती काढा, ओल कमी करा.

आजारपणात दुर्दैवाने आपण फार काही करू शकत नाही. पाय आत दुमडत चाललेत, पोट सुरकुतलंय, म्हणजे पाणी कमी पडलंय. जुनी पद्धत अशी होती की छोट्या डब्यात ओले टिश्यू भरून त्यात कोळी ठेवायचा, त्याला लोक आयसीयू म्हणायचे. आता बरेच जण ते टाळतात कारण गरम कोंदट डब्यात तो अजून खचतो, आणि ओली हवा म्हणजे पाणी पिणं नव्हे. त्यापेक्षा उथळ पाण्याच्या वाटीच्या कडेवर त्याला असा टेकवा की तोंडाकडचा भाग पाण्याला लागेल आणि पोट पूर्ण बाहेर राहील, फुफ्फुसं पोटाखाली आहेत हे विसरू नका. पोटाला किंवा पायाला छोटी जखम होऊन रक्त गळत असेल तर कॉर्नस्टार्च दाबून लावतात, काही जण सुपरग्लूचा थेंब लावतात, दोन्ही चालल्याचं लोक सांगतात. तोंडाभोवती पांढरट चिकट काही दिसलं आणि घाण वास आला तर नेमाटोड (बारीक परजीवी जंत) असू शकतात, तो कोळी लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा आणि त्याची भांडी, चिमटे दुसऱ्याला वापरू नका.

आणि घरातली औषधं! मच्छरांची कॉइल, लिक्विड, झुरळांचा स्प्रे, कुत्र्या-मांजराच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषध, हे सगळं कोळ्याला विष आहे. कुत्र्याला ते औषध लावलं असेल तर हात नीट धुऊनच टाकी उघडा. अपार्टमेंटमध्ये पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल तर कोळी आधीच दुसऱ्या घरी हलवा. झटके दिल्यासारखं वेडंवाकडं चालणारे टॅरँटुला पाहण्यात येतात, नेमकं कारण कोणी सिद्ध केलेलं नाही पण कीटकनाशकावर अनेकांचा संशय आहे.

जागेच्या आकाराबद्दल. जुना नियम सांगतो लांबी-रुंदी पायांच्या पसाऱ्याच्या दोन-तीन पट, मोठी दिली तर शिकार सापडत नाही. हल्ली बरीच तरुण मंडळी मोठी, झाडं लावलेली, स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड (मातीतली घाण खाणारे छोटे जीव) सोडलेली टाकी करतात आणि जुन्या लोकांना म्हणतात तुम्ही डब्यांत कोंडून ठेवता. मला यात नव्या लोकांचं बरंच पटतं. शिकार सापडत नाही हे मोठ्या कोळ्याच्या बाबतीत खरं वाटत नाही, तो तर रानात जगत आलेला प्राणी आहे, आणि खोल माती मिळाली की तो जे खणकाम करतो ते उथळ डब्यात कधी दिसतच नाही. ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणी संवेदना कायद्यात खेकडे आणि ऑक्टोपस घेतले, कोळी नाहीत, म्हणजे कोळ्याला काय वाटतं हे बघायची सक्ती त्या कायद्याने तिथल्या सरकारवरही नाही, ते आपल्यावरच आहे. फक्त आयसोपॉड निवडताना जपा, मोठ्या भुकेल्या जाती कात टाकणाऱ्या कोळ्याला त्रास देऊ शकतात, स्प्रिंगटेल मात्र निर्धास्त सोडा. आणि दोन टॅरँटुला एका टाकीत कधीच नाही. सोकोट्रा बेटावरचा मोनोसेंट्रोपस बाल्फोरी एकत्र राहतो म्हणून लोक व्हिडिओ टाकतात, तो अपवाद आहे, तुमचे दोन कर्ली हेअर एकत्र ठेवले तर काही दिवसांत एकच उरेल.

शेवटचं, भारतात जाताना काय करायचं, हे मला इथले लोक नेहमी विचारतात. मोठा कोळी असेल तर महिनाभर जाऊन येता येतं. निघायच्या आठवडाभर आधी खायला घाला, उरलेलं काढून टाका, जिवंत किडा आत ठेवून जाऊ नका, एकाच्या जागी दोन जड वाट्या भरून ठेवा म्हणजे एक मातीने भरली तरी दुसरी राहते. घराचं हीटिंग किंवा एसी पूर्ण बंद करू नका. पिल्लं असतील तर मात्र कोणाला तरी आठवड्यातून एकदा यायला सांगा, छोट्या डब्यातली माती लवकर वाळते, ड्रॉपरने एका कडेला थोडं पाणी सोडायला सांगा, आणि झाकणावर चिठ्ठी लावा की पाठीवर पडलेला दिसला तर मेलेला नाही, हात लावू नका, मला व्हॉट्सॲप करा.